परातीच्या काठावरचं नाव

मुकुंदवाडी,
१२ जुलै २००९

प्रिय अनवरी,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. शहजादी शिक्षिका झाली हे वाचून मी आधी स्वयंपाकघरात जाऊन चिमूटभर साखर तोंडात टाकली आणि मग पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तू लिहितेस की पोरीला पाचवीचा वर्ग मिळालाय, तिला पुस्तकाबाहेरचे उपक्रम हवेत, आणि 'आशाखालाकडं त्याची पेटी भरलेली हाय, तिलाच विचार' असं तूच तिला सांगितलंस. काम तसं एका दुपारचं. पण मी तीनदा लिहायला बसले आणि तीनदा कागद फाडला. का, ते पुढं लिहिते. आधी लेकीचं काम करते, कारण तेवढं मला मान वर करून करता येतं.

तिला सांग, भूगोल फळ्यापासून सुरू करू नकोस. झेंड्याच्या खांबाची सावली दर तासाला खडूनं आखायला लाव. संध्याकाळपर्यंत मुलं स्वतःच विचारतात की सावली फिरली कशी. वेरूळची सहल काढलीस तर निबंध अजिबात लिहून घेऊ नकोस, सगळे 'आम्ही सकाळी लवकर उठलो' इथूनच सुरुवात करतात. त्यापेक्षा परत आल्यावर प्रत्येकाला अंगाच्या साबणाची वडी दे आणि कैलास लेणं खोदलं तसा वरून खाली हत्ती कोरायला सांग. नियम एकच, काढलेला तुकडा परत चिकटवायचा नाही. आपल्या वर्गातल्या अर्ध्या हत्तींना सोंडच नव्हती, आठवतं ना? हेडमास्तर काकासाहेब ओरडले की शाळा आहे का न्हाणीघर, आणि जाताना दोन हत्ती खिशात घालून घेऊन गेले.

शब्दांचा उपक्रम तर तुझाच. मुलांनी घरात बोलले जाणारे पन्नास शब्द लिहून आणायचे, मग तुमच्याकडचे आणि आमच्याकडचे शेजारी शेजारी मांडून जे सारखे निघतील त्यांना गोल करायचा. खुर्ची, दरवाजा, जमीन, हवा. फळा गोलांनी भरून गेला होता. ते बघायला जिल्ह्याचे साहेब आले तेव्हा ही कल्पना कुणाची असं त्यांनी विचारलं आणि तू माझ्याकडं बोट दाखवलंस. मी गप्प राहिले. ती माझी पहिली चोरी म्हणायची, पण तिच्यावर आपण नंतर हसलो तरी होतो.

आता राहिला तो उपक्रम. १९९८ सालचा, 'आमच्या घरातली सर्वात जुनी वस्तू'. एका वस्तूत सगळे विषय. वजन करायचं, मोजायचं, कशाची बनली ते शोधायचं, चित्र काढायचं, घरच्या मोठ्या माणसांना विचारून तिची हकिकत लिहायची. मी प्रत्येकासाठी एक तक्ता आखला होता आणि त्यात शेवटचा रकाना होता, 'ही वस्तू घरात कशी आली?' नमुना म्हणून मी आमच्या घरची तांब्याची परात नेली. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तिच्यात कणीक मळत होते. काठावर उर्दूत काहीतरी कोरलं होतं, ते मला कधी वाचता आलं नाही आणि वाचावंसंही वाटलं नाही.

मुलांनी सुतळीनं परातीचा घेर मोजला, मग व्यास, भागाकार केला, आणि सगळ्यांचं उत्तर तीन आणि वर थोडं आलं म्हणून टाळ्या पिटल्या. कडूबाच्या पोरीनं, आवडानं, काठावर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि अक्षरांचा ठसा घेतला. हे लिहिलंय काय, असं पोरं विचारायला लागली, म्हणून मी शेजारच्या वर्गातून तुला बोलावलं. तू परात उजेडाकडं धरलीस. बराच वेळ बघितलंस. मग म्हणालीस, "अनवरी. माझंच नाव हाय की." सगळा वर्ग हसला, मीही हसले. तू मुलांना म्हणालीस की आमच्यात ही नावं घरोघरी असतात, नवरीच्या भांड्यावर तिचं नाव घालतात. त्या दिवशी मधल्या सुट्टीत तू डबा उघडला नाहीस. डोकं दुखतंय म्हणालीस.

तू रोज शहरातून बसनं आमच्या गावी यायचीस. तुझे दादा, म्हणजे आजोबा जहांगीरभाई, मूळचे ह्याच गावचे, पोलीस ॲक्शनच्या साली, अठ्ठेचाळीसला, गाव सोडून गेले ते परत आले नाहीत, एवढं तू मला एकदा सांगितलं होतंस आणि मी 'अगंबाई' म्हणून लोणच्याची फोड उचलली होती. तुला नाव तुझ्या दादीचं ठेवलंय हेही त्याच दिवशी सांगितलं होतंस.

मुलांना अभ्यास दिला होता की घरी विचारून या, म्हणून मीही संध्याकाळी सासूबाईंना विचारलं. मनकर्णाबाईंचा स्वभाव तुला माहीत आहे, विचारलं तर लपवायच्या नाहीत, पण विचारायला हवं. त्या शेंगा फोडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "जहांगीरभाईच्या घरातली हाय ती. रझाकार कोण व्हते अन भोगलं कुणी. ते लोक जीव घेऊन गेले अन दुसऱ्या दिशी समदं गाव त्यांच्या घरात शिरलं. कुणी कवाडं नेली, कुणी दाणे नेले. तुझ्या सासऱ्यानं परात आणली. मी नको म्हणले व्हते. तिची मालकीण माझ्या हळदीला आल्ती, लई गोड गायची." भिंतीवर सासऱ्यांचा, तात्यासाहेबांचा फोटो होता, त्याला मी रोज हार घालायचे.

दुसऱ्या दिवशी मुलं एकेक करून रकाना वाचत होती. तू दारात उभी होतीस, हातात हजेरीपट होता. आवडा उठून म्हणाली, "बाई, तुमची परात घरात कशी आली?" मी तुझ्याकडं बघितलं नाही. मी म्हणाले, "बाजारातून." आवडानं ते लिहून घेतलं. तू वळून आपल्या वर्गात निघून गेलीस. खोटं बोलू नका असं मी मुलांना तीस वर्षं शिकवलं, आणि जिथं खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं तिथं माझी जीभ उचलली नाही. मला सासऱ्यांची अब्रू राखायची होती असं मी मनाला सांगितलं. खरं म्हणजे मला माझी राखायची होती.

एवढ्यावर थांबले असते तरी कदाचित तुला तोंड दाखवू शकले असते. पुढच्या वर्षी आमच्या मुलाचं, सांडूचं लग्न निघालं. तू येणार, स्वयंपाकघरात पदर खोचून बसणार, हे ठरलेलंच. मी परात घेऊन शहरात गेले आणि भांड्यांवर नावं घालणाऱ्याला म्हणाले, हे जुनं काढून टाका. त्यानं विचारलं, "चांगलं कोरलंय बाई, कशाला घासता?" मी म्हणाले, आमचं नाही ते. त्यानं कानशीनं घासलं. मी समोर स्टुलावर बसून होते, तांब्याचा भुगा त्याच्या मांडीवर पडत होता. मग त्याच जागी मी 'सौ. आशाबाई' घालून घेतलं आणि आतून कल्हई करून आणली.

लग्नात तू त्याच परातीत कणीक मळलीस. मळून झाल्यावर हात धुतलास आणि काठावरून बोटं फिरवलीस, तिथं, जिथं ते असायला हवं होतं. मी भाजी निवडत होते. तू बघितलंस, मी बघितलं. तू म्हणालीस, "कल्हई लई छान झाली." एवढंच. त्यानंतर पाच वर्षं आपण एका डब्यात जेवलो, तू दर ईदला शीरखुर्मा पाठवलास, माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा तीन दिवस माझ्याकडं राहिलीस, आणि मी तुझ्याकडून हे सगळं घेत राहिले. तू मला माफ केलंयस की मला माफीच्याही लायक समजली नाहीस, हे मला आजतागायत कळलेलं नाही. ते विचारायचीही मला लाज वाटते.

शहजादीसाठी म्हणून मी परवा उपक्रमांची पेटी उघडली. तळाशी आवडाचा तक्ता निघाला. त्यावर पेन्सिलीचा तो ठसा अजून तसाच आहे, जराही फिकट झालेला नाही. म्हणून हे पत्र. ठसा पाकिटात घातला आहे, आणि परात सांडू रविवारी तुझ्याकडं आणून देईल. माझं नाव मी त्यावरून काढलेलं नाही. अजून एकदा कानस चालवून मला सुटायचं नाही. शहजादीला म्हणावं, परात आणि ठसा वर्गात शेजारी शेजारी ठेव, आणि मुलं विचारतील ते सगळं सांग, माझ्या नावासकट. तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात आवडाच्या गोल अक्षरात लिहिलंय, 'बाईंनी सांगितलं, बाजारातून'. पोरीची चूक नव्हती, म्हणून तिचे गुण कापले नाहीत. पण लाल पेनानं ते वाक्य खोडून मी वर तुझ्या दादीचं नाव घालून बरोबर उत्तर लिहिलं आहे, 'अनवरीबींच्या घरातून, त्यांना न विचारता', आणि खाली सही केली आहे.

तुझीच म्हणवून घ्यायला कचरणारी,
आशा