रेणूची दुरुस्ती

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. सकाळी ९ वाजून १२ मिनिटे.
जेवणाच्या टेबलावर व्हिजिटिंग कार्डं दुरुस्त करत बसलो आहे. छापणाऱ्याने 'अधीकृत विक्रेता' छापलं आहे. व्हाइटनर लावून प्रत्येक 'धी' ऱ्हस्व करतोय. वेळ लागेल, पण चुकीचं कार्ड माझ्या हातून जाणार नाही.
धंदा असा: विज्ञानाच्या मास्तरांना ऑनलाइन धडे बनवायचं सॉफ्टवेअर. बीकर, चुंबक, सूर्यमाला, सगळं तयार. माउसने ओढायचं, ते हलतं, खाली हिंदीत ओळी उमटतात आणि एक बाई त्या मोठ्याने वाचते. पुण्याच्या कंपनीकडून तीन लायसन्स १८ हजारांनी घेतली, २४ हजारांनी विकायची. भोपाळमध्ये याला स्पर्धक नाही. ग्राहक तरी आहे का, असं जुईने विचारलं. धाकटी बहीण. पैसे तिचेही आहेत (स्कूटीसाठी साठवलेले; बाकीचे बाबांचे), म्हणून बोलू दिलं.
बाबांची अट: महिनाअखेरपर्यंत एकही लायसन्स गेलं नाही, तर ३ मार्चपासून मंडीदीपला, त्यांच्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी. साहेबांना शब्द दिलाय म्हणाले. मी म्हटलं, साहेबांना आत्ताच 'नाही' म्हणून कळवून टाका. त्यांनी कळवलं नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार.
एम. पी. नगरमधले सगळे कोचिंग क्लास पालथे घातले. एका ठिकाणी विचारलं, इससे फीस की रसीद निकलेगी क्या? दुसरीकडे गार्डने आत सोडलं नाही, पण पाणी दिलं. प्रतिसाद चांगला म्हणायचा.
झोप नीट लागत नाही. उत्साहामुळे असेल.

१२ फेब्रुवारी, बुधवार.
झालं! केमिस्ट्रीचे गोविंद सर डेमो बघायला तयार. वीस तारखेला, भरलेल्या वर्गात. आवडलं तर तिन्ही घेईन म्हणाले. अट एकच: सब शुद्ध हिंदी में हो, बच्चे गाँव-कस्बे से आते हैं. मी म्हटलं, शुद्ध हा तर माझा विषय आहे.
जुईला स्कूटीचा रंग विचारला. ती म्हणाली, आधी वीस तारीख येऊ दे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार.
तपासलं ते बरं झालं. कंपनीवाले अडाणी आहेत. ॲटमला 'परमाणु' लिहिलंय आणि मॉलिक्यूलला 'अणु'! ॲटम म्हणजे अणू, मॉलिक्यूल म्हणजे रेणू, हे अकोल्यात सातवीतलं पोर सांगेल. दहावीपर्यंत मी तिथे मामाकडे, मराठी शाळेत होतो. शुद्धलेखनात पहिला. (बी.एस्सी.चं दुसरं वर्ष मी सोडलं, तो भाग वेगळा.) शिवाय शेवटचा 'णु' ऱ्हस्व! अंगावर काटा आला.
जुई शिकवण्या घेते, म्हणून तिला दाखवलं. दादा, हिंदीत असंच असतं, इथली पुस्तकं बघ, म्हणाली. मी म्हटलं, ऑक्सिजन तिथे आणि इथे सारखाच. ती म्हणाली, ऑक्सिजन सारखाच रे, नावं ठेवणारे वेगळे.
इंग्लिश मीडियमची मुलगी. वाद घातला नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार.
सगळीकडे दुरुस्ती पूर्ण. सोयीसाठी तिन्ही प्रतींत केली. आता निर्धास्त.

२० फेब्रुवारी, गुरुवार.
जसं घडलं तसं लिहितो.
वर्ग गच्च. पहिल्या बाकावर गोविंद सरांच्या पत्नी. हिशेब त्या बघतात, चेकवर सही त्यांची. सुरुवात उत्तम. मग पडद्यावर आलं: 'पानी के एक रेणू में हाइड्रोजन के दो अणू होते हैं.' एका मुलाने विचारलं, सर, ये रेणू कौन है? सगळे हसले आणि मॅडमकडे बघायला लागले. मॅडमचं नाव रेणू आहे. हे मला कुणी सांगायला नको होतं का?
तेवढ्यात सॉफ्टवेअरमधली बाई म्हणाली, 'गरम करने पर रेणू इधर-उधर भागने लगते हैं.' मागून कुणीतरी ओरडलं, मैडम को पंखे के नीचे बिठाओ! मी बंद करायला बटण दाबलं. ते पुढच्या पानाचं होतं. 'ठंडा करने पर रेणू शांत हो जाते हैं.'
मॅडम उठून गेल्या.
गोविंद सर हळू आवाजात म्हणाले, बेटा, ग्यारह साल की शादी में जो मैं नहीं बोल पाया, वो तुमने मेरी ही क्लास में बुलवा दिया. अब निकल लो. मी सामान आवरेपर्यंत त्यांनी फळ्यावर खडूने 'अणु' लिहून मुलांना वाचायला लावलं. ऱ्हस्व. मी तो दीर्घ करायला गेलो नाही. माणसाने प्रसंग बघावा.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार.
मॅडमना व्हॉट्सॲपवर माफी पाठवली. रेणू म्हणजे मूळ अर्थाने धुळीचा कण, तेव्हा यात व्यक्तिगत काही नाही, असा खुलासाही केला. त्यांनी वाचलं. नंतर त्यांचा फोटो दिसेनासा झाला. फोन बदलला असेल.

२४ फेब्रुवारी, सोमवार.
एम. पी. नगरमध्ये आता ओळखतात. पाणी देणारा गार्ड लांबूनच म्हणाला, आओ, रेणू वाले भैया! बाजारात नाव होणं हा पहिला टप्पा.
आत मात्र कुणी घेतलं नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार.
कंपनीला लायसन्स परत घ्यायला सांगितलं. मजकूर बदललेली प्रत परत घेत नाहीत म्हणे. तिन्हींपैकी एकही नाही. मी म्हटलं, बदललेली नाही, सुधारलेली आहे. फोन ठेवला त्यांनी.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार.
विक्री नाही. स्टोअरच्या बुटांसाठी काळे मोजे आहेत का, एवढंच बाबांनी विचारलं. आहेत.

२ मार्च, रविवार. संध्याकाळी ६.
उद्या सातची बस. मंडीदीप तात्पुरतं आहे. मगाशी गॅलरीतून जुई दिसली, शिकवणीला जायला स्टॉपवर उभी होती. स्कूटीचं तिने विचारलं नाही, मीही काढलं नाही.
हिशेब:
लायसन्स तीन: ५४,०००
कार्डं: ४५०
पेट्रोल: १,१४०
व्हाइटनर: ६०
एकूण खर्च: ५५,६५०
देणे, बाबा: ३२,०००
देणे, जुई: २२,०००
म्हणजे माझे स्वतःचे गेले १,६५०. नुकसान तसं फार नाही.