मास्तर, ते वाक्य तुम्ही हसत म्हणाला होतात

प्रिय भिकूमास्तर,

उद्या पेडण्यात, आपल्या वाचनालयात, तुमची शोकसभा आहे आणि मी आत्ताच कमिटीशी भांडून आलोय. तुमच्या फोटोखालच्या पाटीवर ते रंगवणार होते, की तुम्ही ग्रंथांशीच लग्न केलं. ‘‘मास्तरांचंच वाक्य ते!’’ अध्यक्ष म्हणाले.

तुमचंच. पण ते कसं म्हणालात, हे विचारायची खोड मला कोणी लावली?

वर्गात बसून क्रांती होत नाही, अशा अर्थाच्या एका पुढाऱ्याच्या वाक्यावर मी म्हापशाचं कॉलेज अर्ध्यात सोडलं. तेच वाक्य वाचनालयाच्या दारातल्या सुविचारांच्या फळ्यावर लिहिलं. लोक वाहवा म्हणाले. तुम्ही नुसता चष्मा पुसलात. ‘‘आयकलां कोणी? आणि तेव्हा लोक हसले काय गप रवले?’’

केवढा भडकलो होतो मी! तुम्ही मात्र दुसऱ्याच दिवशी मला बसने लाटंबार्सेला नेलंत. ते वाक्य ज्या सभेत म्हटलं गेलं, तिथे खुर्च्या मांडणारे आजोबा अंगणात काजू वाळवत होते. म्हणाले, ‘‘अरे, त्या पुढाऱ्यांचो भाचो नापास झालेलो. तेका चिडवूक म्हणाले ते. अख्खी सभा हसली!’’

परतताना तुम्ही मला एकदाही हसला नाहीत. फळासुद्धा माझ्याच हातून पुसून घेतलात. पण मास्तर, त्या दिवशी ‘कॉलेजात परत जा’ म्हणून कान का नाही पिळलात? मी ऐकलं नसतं, तरीही.

मांद्र्याच्या सुलभाला मी पुढाऱ्यांची जळजळीत वाक्यं भरून प्रेमपत्र लिहिलं होतं. तिने ते परत केलं. ‘‘ह्यात तुझा काय असा?’’ तुमचीच शिष्या शोभली असती!

आज अध्यक्ष ओरडले, ‘‘अर्धवट शिकलेलो पोर आमका शिकयता!’’ मी हटलो नाही, खरं ते सांगितलं. लग्नाचं विचारून छळणाऱ्यांना गप्प करायला म्हणालात तुम्ही ते. मी तिथेच होतो. सगळे हसत होते, तुम्हीही.

ते छळणारे गेल्यावर खिडकीशी उभे राहून मला म्हणालात, ‘‘विचारूक धीर जालो नाय रे. तितक्यात तिचा लग्न ठरला.’’

हे मात्र मी कमिटीला सांगितलं नाही. कोणालाच सांगणार नाही. पाटीवर फक्त तुमचं नाव येईल.

आणि शब्द देतो, सभा संपली की मांद्र्याला जाईन. सुलभाला विचारीन, माझ्या शब्दांत. नाही म्हणाली तर म्हणू दे. पण हसत विचारणार नाही, मास्तर.

तुमचा तापट,
विश्राम