दोन्ही कोपरं मावतील असा लॅपटॉप

१२ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आईसाठी लॅपटॉप कुठला घ्यावा, असं तू मागच्या पत्रात एका ओळीत विचारलंस. दिवसाला दहा-दहा लॅपटॉपची पोटं फाडणाऱ्या माणसाला असं विचारायचं नसतं. आता विचारलंच आहेस, तर सगळं ऐकून घे.

आपल्या मनात आहे त्या कंपनीने गेल्याच महिन्यात तिन्ही मॉडेलं नव्याने काढली. पहिलं पातळ. वहीसारखं काखेत मारून न्यावं. बॅटरी सकाळी भरली की संध्याकाळपर्यंत बघायला नको, आवाज गोड, आणि कॅमेरा तर काय विचारूच नकोस. माणूस कितीही हलला तरी चेहरा बरोब्बर मधोमध धरतो आणि मागचा पसारा धूसर करून टाकतो. उणं एवढंच की मेमरी आतच डकवलेली आहे, ती पुढे वाढवता येणार नाही, आणि वायरी जोडायला जागा दोनच. दुसरं मधलं. स्क्रीन मोठी केली आणि बॅटरी लहान केली, यात कंपनीने काय डोकं चालवलं ते कंपनीच जाणे. तिसरं जाडं. बॅटरी काढता येते, मेमरी वाढवता येते, माझ्यासारख्याला उघडायला सोपं. पण वजन विटेएवढं, कॅमेरा जुनाच, बॅटरी तीन तासांत मान टाकते आणि पंखा असा घरघरतो की गिऱ्हाईक आठवड्यात तक्रार घेऊन हजर होतं.

मोबाइलवर का भागत नाही ते तुला सांगायला नको. एक हात मोबाइल धरण्यात गेला की आई अर्धी गप्प होते, आणि कशाला टेकवून ठेवला की घसरतो. बाबा गेल्यापासून तिच्याशी हातांनी बोलणारा घरात मी एकटाच उरलोय. ती चिडवते मला, हसते, पण एकाच माणसाशी किती बोलणार? तुझी भिंगरी दोन वर्षांची झाली. आत्ताच तिने आजीची भाषा उचलली तर उचलली, नाहीतर पुढे दोघी एकमेकींकडे बघून नुसत्या गोड हसत बसतील. ते मला बघवणार नाही.

म्हणून छाती ठोकून सांगतो, पातळच घेऊ. भिंगरीला आजीचा चेहरा आरशासारखा दिसेल.

लोभ आहेच. तो या मॉडेलांसारखा दर वर्षी पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
धाकटा

२१ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र डबा खाताना वाचलं आणि शेजारणीलाही वाचून दाखवलं. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही दिवसभर लोकांचे दात घडवतो, आणि तिथेही हेच. पांढरेशुभ्र हवेत तर जपून चावा, दणकट हवेत तर हसताना तोंडावर हात धरा. सगळी माणसं सुंदर मागतात आणि मग चावताना कुरकुरतात. तरी आईसाठी मीही सुंदरच मागते आहे. पातळ घे. अर्धा वाटा माझा, त्यावरून भांडायचं नाही.

भिंगरी आता घरभर गरागरा फिरते. शब्द मात्र मोजून दहा आले आहेत. पाळणाघरातल्या बाई म्हणाल्या, उशीरच होतोय जरा, घरात तिच्याशी सारखं बोलत राहा. म्हणून आम्ही दोघं आकाशवाणीसारखे चालू असतो. खुणा शिकवतेस का असं तू दोनदा विचारलंयस. करते रे अधूनमधून. एकदा आई समोर दिसायला लागली की आपोआप शिकेल.

आईला माझा नमस्कार, आणि तुला डोक्यावर एक टपली.

तुझी,
ताई

९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

रविवारचा पहिला कॉल तू आईच्या शेजारी खुर्ची टाकून पाहिलास. तुला सगळी आई दिसत होती. आम्हाला काय दिसलं ते आता ऐक.

आम्हाला दिसला फक्त चेहरा. स्क्रीनभर, सुरकुतीन् सुरकुती मोजावी असा. आईने हात उचलले की ते चौकटीबाहेर. चुकून बोटं हनुवटीपाशी आलीच, तर तुझा हुशार कॅमेरा त्यांना मागच्या भिंतीत जमा करायचा, सगळंच धूसर. भुवया नाचतायत, गाल फुगतायत, आणि बोलणं कुठेच नाही. भिंगरीने थोडा वेळ पाहिलं, मग लॅपटॉपच्या मागे जाऊन शोधलं, आणि शेवटी माझ्या खांद्यात तोंड खुपसलं ते काढलंच नाही. आईला वाटलं, पोर आपल्याला घाबरली.

मी सांगायचा प्रयत्न केला, पण आईने हसून हात हलवला असावा, कारण खांदा हलला, आणि कॉल बंद झाला. आठवडा झाला, तिचं पत्र नाही. चार ओळी रागाच्या आल्या असत्या तर परवडलं असतं. एवढ्या वर्षांत तू किंवा मी, दोघांपैकी कोणाच्याच डोक्यात हात आले नाहीत, याची लाज वाटते.

काहीतरी कर.

ताई

१५ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तोंडघशी पडलो. बॅटरी पाहिली, मेमरी पाहिली, भोकं मोजली, आणि ज्या आईने मला हातांनी अंगाई गायली तिचे हातच विसरलो. मी तिच्याशी रोज समोरासमोर बोलतो ना, चौकटीतून तिला कधी पाहिलंच नव्हतं.

चेहरा धरणं बंद केलं, धूसर करणंही बंद केलं. तरी हा कॅमेरा मुळात अरुंद आहे. आई चार पावलं मागे गेली तर हात मावतात, पण मग बोटं मुंगीएवढी दिसतात. दुकानदार बदलून द्यायला तयार आहे. मी नवा तक्ता करायला बसलो, तर आईने तो माझ्या हातून काढून घेतला आणि सांगितलं की तुझं शहाणपण पुरे, मी स्वतः येते. शनिवारी जातोय. तिने पर्समध्ये टेप टाकलाय, कपडे मोजायचा. का ते सांगत नाही.

रागावली असलीस तरी लोभ ठेव, सध्या मला त्याची गरज आहे.

धाकटा

२४ फेब्रुवारी

चि. भिंगरीच्या आईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मी मजेत आहे. पत्राला उशीर झाला, कारण माझं कापड अजून बेतून झालं नव्हतं.

तुझ्या भावाने मला दुकानात नेलं. तिथल्या मुलीने पातळ लॅपटॉपचा आवाज किती गोड आहे ते दहा मिनिटं सांगितलं. धाकट्याने ते सगळं इमानाने मला हातांनी सांगितलं, बिचारा घामाघूम झाला. मग मी टेप काढला. चाळीस वर्षं कोट बेतले मी, माणूस मोजल्याशिवाय कात्री लावली नाही. आपण बोलतो ते कपाळापासून कमरेपर्यंत आणि या कोपरापासून त्या कोपरापर्यंत, तेवढ्याच चौकोनात. तो मी आधी स्वतःच्या अंगावर मोजला. मग तिन्ही लॅपटॉप एका ओळीत लावून घेतले, टेबलापासून हातभर अंतरावर खडूने रेघ मारली, आणि प्रत्येकासमोर उभं राहून एकच गोष्ट बोलले. काय बोलले ते धाकट्याला विचार. तो लाल झाला होता.

पातळ्याचं कापड खांद्यापाशीच संपलं. मधल्यात एक कोपर आत, एक बाहेर. जाड्यात दोन्ही कोपरं आत, शिवाय दोन्हीकडे शिवणीला सोडावी तेवढी जागा. म्हटलं, हाच बांध. त्या मुलीचा जीव वरखाली. म्हणाली, हा जड आहे. मी म्हटलं, मी इस्त्री उचलते रोज. म्हणाली, बॅटरी तीनच तास. दोन वर्षांच्या पोरीला तीन तास एका जागी बसवणारं कोणी भेटलं तर माझ्याकडे पाठव म्हटलं. शेवटी खाली बघून म्हणाली, पंखा फार आवाज करतो. घरघरू दे बापड्याला, माझी काही हरकत नाही.

आता दुसरं. ते गोड नाही.

परवाच्या कॉलला तुम्हाला मी पूर्ण दिसले, आणि तुझ्या जुन्या लॅपटॉपमधून मला तुमची सगळी खोली दिसली. तू भिंगरीचे बूट काढलेस, पाणी दिलंस, नाक पुसलंस, आणि सगळं तोंडाने बोललीस. हात कामापुरते हलले, मग मांडीवर. मी तिला मासा करून दाखवला, ती खूश झाली, पण खेळणं नाचतं तशी. माझे हात तिला काही सांगतायत हे तिला माहीतच नाही. कॅमेऱ्याचा दोष अर्धाच होता. उरलेला अर्धा तुझा.

तिची जीभ अडेल म्हणून घाबरलीस ना? दीड वर्षाची असताना तू माझ्या कटिंग टेबलाखाली बसून हातांनी माझ्याशी भांडायचीस. चार वर्षांची झालीस तेव्हा तोंडाचा असा पट्टा सुटला की शेजारी बाबांकडे तक्रार करायचे. माझ्या हातांनी तुझं काय नुकसान झालं ते मला लिहून कळव. मला फार वाईट वाटलं. तुझ्या घरात मी पाहुणी आहे हे मला चालेल. माझी भाषा पाहुणी आहे हे चालणार नाही.

आशीर्वाद आहेत, रागातसुद्धा ते कमी होत नाहीत.

आई

५ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मला मुळीच वाईट वाटलं नाही, तू काळजी करू नकोस. खरं तेच लिहिलंस.

मी घाबरले होते, हे कबूल. पाळणाघरातल्या बाईंनी एकच वाक्य म्हटलं आणि मी हात आवरले. त्यांना मी काल जाऊन सांगितलं की आमच्या घरात दोन भाषा आहेत आणि दोन्ही राहणार. त्या म्हणाल्या, आधी का नाही बोललात, आम्हालाही चार खुणा शिकवा. एवढंच होतं ते.

आता सकाळी बूट घालण्यापासून हात चालू. हे सुद्धा शिकतायत, पण तुझ्या जावयाची बोटं कीबोर्ड बडवल्यासारखी चालतात. काल त्यांनी दूध हवं का म्हणून विचारलं ते साबण हवा का असं झालं, आणि भिंगरीने गंभीरपणे मान हलवली. तिला तुझं खुणेतलं नाव शिकवलंय, दोन बोटांची कात्री. स्वतःचं नावही येतं, एक बोट गरागरा. जाड्याला सांग, आमच्याकडे त्याच्या पंख्याची घरघर ऐकू येते आणि भिंगरीला वाटतं, आजी आली.

दर रविवारी भेटूच. तोवर लोभात अंतर पडू देऊ नकोस.

तुझी,
भिंगरीची आई

२० एप्रिल

चि. भिंगरीच्या आईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कालचा कॉल चालू असताना तू दार उघडायला उठलीस आणि बराच वेळ कोणाशी तरी बोलत राहिलीस. तेवढ्यात इकडे काय झालं ते तुला माहीत नाही.

आजवर मी विचारायची आणि ती उत्तर द्यायची. बूट कुठे, मासा कुठे, मामाचं नाक कुठे. काल मी काही विचारलं नव्हतं. ती खुर्चीवर नीट बसली, तू गेलीस त्या दिशेला एकदा पाहिलं, आणि आपणहून बोलली. आई. कपाट. कागद. मग दोन बोटांची कात्री. मग दोन्ही डोळ्यांवरून बोटं खाली, पाणी.

मला वाटलं, मी चुकीचं वाचलं. पुन्हा विचारलं, तर पुन्हा तेच, त्याच क्रमाने. माझं पत्र तू कपाटात ठेवलं आहेस, अजून काढून वाचतेस, आणि रडतेस. किती, म्हणून विचारलं. तिने हात जेवढे लांब जातील तेवढे दोन्ही बाजूंना पसरले.

मी आधी हसले. आयुष्यातली पहिली बातमी सांगितली पोरीने आणि ती तुझी चुगली. धाकटा धावत आला, त्याला सांगितलं, आणि मग मात्र मला रडू आलं. त्या पत्रात लिहिलं ते खरंच होतं, पण मला हळू कापता येतं, तेव्हा मी हळू कापलं नाही. तू तिकडे एकटी घाबरत होतीस हे मी आधी विचारायला हवं होतं. ते पत्र फाडून टाक. हे ठेव कपाटात.

आणि तिला रागावू नकोस. मुळीच वाईट वाटलं नाही, असं यापुढे मला लिहू नकोस. मी तिला विचारीन.

दोघींनाही आशीर्वाद, जावईबापूंना साबणासकट.

तुझी आई