काळ्या घरांचा उंट

प्रिय छकुली,

दोन मुलांच्या आईला छकुली म्हणू नये, पण हाताला दुसरं लिहिता येत नाही. बाबांच्या शोकसभेत तू माझ्याकडे दोनदा पाहिलंस. काका उठतील, चार शब्द बोलतील, असं तुला वाटलं असणार. मी समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत बसून राहिलो. तुझा भाऊ नंतर कुणाला तरी म्हणाला, काकांना फार लागलंय. लागलंय हे खरं, पण उठलो नाही ते त्यामुळे नव्हे. कारखान्याच्या बुद्धिबळ स्पर्धेतला आमचा तो शेवटचा डाव तू लहानपणापासून ऐकलास, तो तसा नव्हता. ते तुला सांगायचं आहे.

तुझे बाबा तो रंगवून सांगायचे. एकटा राजा जीव घेऊन पळतोय आणि हा लंबू, म्हणजे मी, उंट घेऊन मागे लागलाय, वगैरे. पटावर तसंच होतं. माझ्याकडे एक उंट आणि अगदी कडेचं एक प्यादं, त्यांच्याकडे नुसता राजा. तेवढ्यात हॉल बंद करायची वेळ झाली. आमचे स्टोअरकीपर पंच होते. मोहरे कुठे आहेत ते त्यांनी लिहून घेतलं, उरलेला डाव दुसऱ्या दिवशी पाचला ठेवला आणि तुझ्या बाबांना म्हणाले, उद्या येताय कशाला, राजाला हवा खायला न्यायला? सगळे हसले. बाबाही हसले.

मी हसलो नाही, कारण त्या हॉलमध्ये मला एकट्यालाच एक गोष्ट माहीत होती. तुझे बाबा जेवणाच्या सुट्टीत खेळून शिकलेले. मी पुस्तक वाचलेलं. माझं प्यादं ज्या कोपऱ्यात पोचून वजीर होणार, ते घर पांढरं होतं, आणि माझा उंट काळ्या घरांवरून चालणारा. समोरचा राजा त्या कोपऱ्यात शिरला की त्याला तिथून कुणी उठवू शकत नाही. फार कोंडलं तर त्याला चालच उरत नाही आणि डाव बरोबरीत सुटतो. त्यांचा राजा कोपऱ्यापासून दोन घरांवर होता, आणि चाल त्यांची होती. सकाळी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर डाव पुन्हा पुन्हा मांडून पाहिला. तुझी काकू म्हणाली, चहा निवला, आता त्या राजालाच पाज. दरवेळी राजा कोपऱ्यात जाऊन बसत होता. बरोबरी झाली असती, तर अर्ध्या गुणाने तेच पहिले आले असते. पहिल्याला कारखान्याच्या संघात जागा होती आणि संघातल्यांना लेथ मशीनवरून काढून ड्रॉइंग ऑफिसात घेत.

दहाच्या सुमाराला त्यांना गावाहून निरोप आला, आई अत्यवस्थ आहे. गाडी अकराची. ते माझ्या मशीनपाशी आले आणि म्हणाले, तू वाचलेला माणूस आहेस, खरं सांग, त्या डावात काही राहिलंय का? मी चिंधीला हात पुसले. म्हटलं, काही नाही राहिलं, तू जा, आई आधी. त्यांनी उभ्या उभ्या हार मान्य केल्याची सही केली आणि गेले. चल, बरोबरी घेऊ, असं म्हटलं असतं तरी ते त्याच गाडीने गेले असते. हे मला तेव्हाही कळत होतं.

आई त्यांना दोन दिवस मिळाली. मग जन्मभर ते माझे उपकार सांगत राहिले. मी ड्रॉइंग ऑफिसात पंख्याखाली बसलो, ते लेथच्या गोंगाटात त्या शेडमध्ये एकतीस वर्षं राहिले आणि कान तिथेच ठेवून आले. तुम्ही पोरं जेवायला हाक मारताना ओरडायचात, तेव्हा मी तुमच्याच घरी बसलेला असायचो. गेल्या वर्षी हॉस्पिटलात मी सांगायला बसलो. हळू बोललेलं त्यांना ऐकू येईना. मोठ्याने बोलावं तर शेजारच्या खाटेवरचे बघायला लागले. मी फक्त 'तो डाव' एवढंच ओरडलो. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, तू पाठवलंस म्हणून आई भेटली रे. मी मान हलवली. पुन्हा.

परवा तुझा निरोप मिळाला. बाबांच्या नावाने स्पर्धा, स्मरणिकेच्या पहिल्या पानावर तो डाव, त्याखाली मैत्रीबद्दल माझ्या चार ओळी, आणि बक्षीस माझ्या हातून. त्या ओळी मला लिहिता येणार नाहीत. सोबतच्या कागदावर सगळ्या चाली दिल्या आहेत, आणि शेवटी त्यांच्या राजाच्या दोन, ज्या मी त्यांना खेळू दिल्या नाहीत. निकाल बरोबरी असा छाप आणि कारण माझ्या नावानिशी छाप. बक्षीस द्यायला दुसऱ्या कुणाला बोलाव. उत्तर आलं नाही, तर तेही उत्तर समजेन.

तुझाच, म्हणू देशील तर,
काका