मिठाच्या तळ्यावर ओटा नको

प्रिय आप्पा,

काल तुमच्या शोकसभेत मी मुख्याध्यापकांच्या हातातला माईक हिसकावला. आई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. मग हा राग सांगू कोणाला? म्हणून तुम्हालाच लिहिते.

ते म्हणाले, "सर लय भला माणूस. त्यांच्या आठवणीत शाळेमागचा खड्डा बुजवून ओटा बांधायचा हाय!" आणि लोकांनी माना डोलावल्या! खड्डा? वसतिगृहातल्या मुलींना थंडीत गरम पाणी मिळावं म्हणून तुम्ही खपून केलेलं सौरतळं, ते खड्डा?

गंगाखेडहून मिठाची पोती तुम्ही आणलीत, फोडली मी. तळाशी दाट खारं पाणी, त्यावर कमी खारं, सगळ्यात वर गोडं. "ऊन तळापर्यंत जातंय," तुम्ही सांगायचात, "पण तळचं पाणी तापलं तरी मिठानं जड. त्याला वर येता येत न्हाई. वरचे थर वाकळीवानी. ऊब खालीच राहती." तळातून फिरवलेल्या नळीचं पाणी मुलींच्या बादलीत कढत पडायचं. किती ओरडायच्या त्या आनंदानं!

मग शाळा बघायला पाहुणे आले. त्यांनी वरच्यावर बोट बुडवलं. "हे तर गारच हाय की!" झालं! मुख्याध्यापकांनी बांबू घेतला आणि गंगाळात विसण घालून ढवळतात तसं अख्खं तळं ढवळलं. थर मोडले. तळचं पाणी वर आलं, आणि दोन दिवसांत सगळी ऊब हवेत गेली.

आणि तुम्ही? तुम्ही बाजूला उभे राहून हसलात! "मास्तरचं तळं फसलं" असं गाव म्हणायला लागलं, तरी गप्प. मी म्हटलं, पुन्हा थर लावू. तर म्हणे, "जाऊ दे, सुनंदा. हेडसरांना वाईट वाटंल."

मुली गार पाण्यानं कुडकुडत होत्या, त्याचं काय? मला मुख्याध्यापकांचा राग आहे, पण तुमचा जास्त आहे, आप्पा. तुमच्या भिडेची किंमत त्या पोरींनी मोजली. आणि आता तुम्ही गेलात, भांडायचं तरी कोणाशी?

उद्या सकाळी मुरमाचा ट्रॅक्टर येणार आहे. मी तळ्यात उतरून उभी राहणार. तो माघारी गेला की पुन्हा मीठ आणणार, पुन्हा थर लावणार. मुलींना तळ्यातली पहिली गरम बादली मिळेपर्यंत तुमच्या फोटोला हार घालणार नाही. याला वचन समजा, नाहीतर धमकी.

तुमचीच,
सुनंदा