न विचारता काढलेला फोटो

५ जानेवारी, रवि.
सिंदीचा बाजार. नालवाडीला घरी येऊन फोटो पाहिले. सगळ्या पाठी, पाय आणि पागोटी. रस्त्यावरच्या फोटोंसाठी स्वतःची नजर तयार करायची म्हणून वर्षभर हिंडतोय. तयार झाली ती चोराची. लांबून, हातगाडीच्या आडून. बरा एकच. मेथी विकणाऱ्या कमलाबाई बोटानं दातांना तंबाखूचा गुडाखू घासतायत, डोळे अर्धे मिटलेले. फोटो क्लबच्या ग्रुपवर स्पर्धेसाठी टाकला.

८ जाने.
क्लबचं पहिलं बक्षीस. सेक्रेटरी रवीचा फोन. "क्या बात है गुरुजी, असली गाव!" याचं गाव हिंगणी, घरी आजी रोज गुडाखू लावते. तिचा का काढत नाहीस, विचारायला हवं होतं. थँक्यू म्हणालो. शाळेत दिवसभर खूशही होतो. शी.

१२ जाने., रवि.
कमलाबाई रस्त्याकडे पाठ करून बसलेल्या. फोटो फिरत फिरत त्यांच्या लेकाच्या मोबाइलवर गेला. कमलाबाईंच्या तोंडात चट्टा, डॉक्टरनं गुडाखू बंद केलेला, आणि यांनी लेकाच्या गळ्याची शपथ घेतलेली.
"आता लेक म्हन्ते, बाजार बंद, घरीच बस. मले काऊन नाई विचारलं गुरुजी? तोंड धुऊन बसली असती."
तोंड धुतलेल्या कमलाबाई मी काढल्याच नसत्या. पाठमोऱ्या बाईपाशी गिऱ्हाईक थांबेना, जुड्या माना टाकत होत्या.
घरी येऊन फोटो ग्रुपवरून काढला. रवी म्हणाला, "आता काय फायदा? तो त जिल्हाभर फिरून राह्यला."

१९ जाने., रवि.
आज प्रत्येकाला विचारून काढले. सगळे ताठ, हात खाली, श्वास रोखून, प्रार्थनेला उभ्या वर्गासारखे. एकही आवडला नाही. बेसावध माणूसच आवडतो मला. याला मी वर्षभर कला म्हणत होतो.
कमलाबाई आल्याच नव्हत्या. जागा रिकामी.

२६ जाने., रवि.
झेंडावंदन उरकून सिंदी. कमलाबाई होत्या, तोंड रस्त्याकडे. फोटोची प्रत त्यांच्या हातात दिली, फाडून टाका म्हटलं. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली.
"दात त चांगले दिसून राह्यले." प्रत उलटी करून तराजूखाली सारली. "लेकाले सांगतलं, गुरुजी चांगला फोटो काढून देनार हायेत. तवा येऊ देल्लं. फोटो पाहून मंग सांगतो म्हने, बाजाराचं काय ते. पुढच्या रविवारी येजा. तोंड धुऊन बसतो."
हो म्हणालो.
बोलता बोलता त्यांचा हात कनवटीकडे गेला, गुडाखूच्या डबीपाशी थांबला. माझा हातही कॅमेऱ्याकडे गेला होता. त्यांनी तो पाहिला.

२७ जाने.
रविवारी जाईन. लेकाला दाखवण्याजोगा, साधा, समोरून काढायचा. पण तिथं उभा राहून मी डबी निघायचीच वाट पाहणार, हे आजच माहीत आहे. किळस येते स्वतःची. बॅटरी चार्जिंगला लावली आहे.