जप्त केलेल्या रांजणाला ऊन दाखवण्याबाबत

प्रति,
मा. निवडणूक अधिकारी,
निवडणूक कार्यालय, युन्चॉन तालुका.

अर्जदार : पांग ओकबुन, वय ७९, राहणार सोलमे, चढावरचे शेवटचे घर.

विषय : मुद्देमाल म्हणून जप्त केलेला सोयाबीनच्या रसाचा रांजण येत्या शुक्रवारपूर्वी परत मिळणेबाबत; ते न जमल्यास त्याला रोज ऊन दाखवणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाची पावती, दि. ७ मे : "मातीचे भांडे, एक. आत काळा द्रव."

महोदय,

१. वरील अर्जदार सविनय कळवते की, सदर 'काळा द्रव' हा माझ्या सासूबाईंच्या सासूबाईंनी घातलेला, सोयाबीन मीठपाण्यात मुरवून काढलेला खारट रस आहे. आपण वयाने लहान आहात आणि शहरातले आहात, बाटलीतला रस वापरत असाल, म्हणून खुलासा करते. जसे दह्याला विरजण, तसा नव्या रसाला हा जुना रस. दरवर्षी नवा रस याच्यात मिसळायचा, याच्यातला थोडा काढायचा, आणि रांजण कधी रिकामा होऊ द्यायचा नाही. आम्ही याला बीज म्हणतो. आमच्या घरात लढाई येऊन गेली, पूर येऊन गेला, माझे यजमान गेले; रांजण रिकामा झाला नाही. आता तो आपल्या कोठाराच्या खोलीत झेरॉक्स यंत्राशेजारी अंधारात उभा आहे, तोंडाला चिकटपट्टी लावून.

२. प्रकरण असे घडले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तीन माणसे कॅमेरा घेऊन आली. 'घरची चव' अशा काही कार्यक्रमासाठी जुने रांजण हवेत म्हणाली. मी त्यांना उकडलेली रताळी दिली. मग काळ्या मोटारीतून एक साठीचे गृहस्थ उतरले. कॅमेरेवाल्याने त्यांना पुढच्या रांगेतल्या मोठ्या रांजणाजवळ गुडघे टेकायला सांगितले. ते मागच्या रांगेत तिसऱ्या रांजणाकडे गेले. तिथे उजेड नाही म्हणून कॅमेरेवाला रागावला, पण ते ऐकेनात. त्यांनी रांजणाला मिठी मारली आणि "आई" म्हणून रडू लागले. मला वाटले, बिचाऱ्याची आई नुकतीच गेली असेल. मी आतून टॉवेल आणून दिला. तो टॉवेल अद्याप परत आलेला नाही. परंतु त्याबद्दल या अर्जात मागणी नाही.

३. ते गृहस्थ राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार श्री. थाक ग्यूसॉप होते, हे मला आठ दिवसांनी शेजारीण पोंगनिमच्या टीव्हीवर कळले. जाहिरातीत माझे अंगण, माझे रांजण, माझा टॉवेल, आणि वर त्यांचा आवाज : "हा माझ्या आईचा रांजण. याच रसावर मी वाढलो." पोंगनिम म्हणाली, "ओकबुन, तुला एवढा मोठा मुलगा आहे आणि तू कोबी माझ्याकडून उसना नेतेस?"

४. पुढचे आपणांस ठाऊक आहे. साऱ्या देशाला ठाऊक आहे. पत्रकारांनी शोधून काढले की थाक यांची आई दारोदार सुयादोरे विकत असे, भाड्याच्या खोलीत राहत असे. ज्या बाईला अंगण नाही तिचा रांजण कुठून आला? याला 'रांजण-प्रकरण' असे नाव पडले. थाक यांच्या प्रवक्त्याने पहिल्या दिवशी सांगितले, हा आईचाच रांजण आहे. दुसऱ्या दिवशी, आईच्या रांजणासारखा रांजण आहे. तिसऱ्या दिवशी, हा कोणा एका आईचा नाही, देशातल्या सर्व आयांचा रांजण आहे. चौथ्या दिवशी त्या प्रवक्त्याला काढले. टीव्हीवर उमेदवारांची समोरासमोर चर्चा झाली, तीत तेवीस मिनिटे माझ्या रांजणावर गेली. आमच्या गावचा दवाखाना दोन वर्षे बंद आहे, त्यावर मिनिटभरही नाही. पोंगनिम म्हणाली, "तुझा रांजणच उभा राहायला हवा होता. पोटात काय आहे ते त्याचं तरी माहीत आहे."

५. त्यानंतर जे माझ्या अंगणात झाले त्याची नोंद आपल्या पंचनाम्यात नाही, म्हणून येथे करते. रोज पहिल्या बसने माणसे येत. विरोधी पक्षाच्या एका पुढाऱ्याने रसात बोट बुडवून चाखले आणि कॅमेऱ्याकडे बघून सांगितले, यात खोटेपणाची चव आहे. एका तज्ज्ञाने रस नऊ वर्षांचा ठरवला, दुसऱ्याने नव्वद. कोणाच्या तरी माइकची केसाळ टोपी रसात पडली. मी मांजराचे पिल्लू समजून हात घातला. उल्सानहून माझ्या मुलाचा फोन आला, "आई, मला थोरला भाऊ आहे हे मी टीव्हीवरून जाणून घ्यायचं का?" त्याला समजावता समजावता माझा भात करपला.

महोदय, रांजणाजवळ भांडू नये, भांडून आलेल्या माणसाने त्याचे झाकण उघडू नये, असा आमच्या घरचा नियम आहे. रस ऐकतो. मी या घरात आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्या दिवशी मला हेच सांगितले, आणि झाकण उघडताना म्हणायच्या दोन ओळी शिकवल्या :

उन्हा उन्हा दादा, रांजणात वाक
काळ्या माझ्या पाण्याला सोन्याची दे झाक

एवढी वर्षे सकाळी हे म्हणून झाकण काढले आणि दव पडायच्या आत लावले. या एका महिन्यात मात्र त्या रांजणाभोवती जेवढी भांडणे झाली तेवढी आमच्या घरात चार पिढ्यांत झाली नसतील.

६. दिनांक ७ मे रोजी आपली चार माणसे टेम्पो घेऊन आली आणि जाहिरातीविरुद्धच्या तक्रारीत पुरावा म्हणून रांजण घेऊन गेली. त्यांनी पावती दिली आणि चढावर काळजी घेतली, त्याबद्दल मी आभारी आहे. परंतु त्यांनी झाकणावर चिकटपट्टी गुंडाळली. चिकटपट्टी लोखंडाला लावावी. माती श्वास घेते.

त्या दिवसापासून मी रोज सात चाळीसच्या बसने आपल्या कार्यालयात येते. दारावरचे पहारेकरी श्री. प्यॉन पहिल्या दिवशी म्हणाले, "मावशी, हा पुरावा आहे, लोणचं नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खुर्ची दिली. तिसऱ्या दिवशी कोठाराचे दार किलकिले ठेवले आणि मी बाहेरूनच वास घेतला. पाचव्या दिवशी वास बदलला होता. ऊन मिळाले नाही की रसावर पांढरी साय धरते. आधी ती दिसत नाही, नाकाला कळते. मी आपल्या लिपिक बाईंना सांगितले. त्यांनी विचारले, कोणत्या कलमाखाली? मला कलम माहीत नव्हते. मी दाराशी उभी राहून वरच्या दोन ओळी म्हटल्या, रांजणाला एकटे वाटू नये म्हणून. बाईंनी त्या लिहून घेतल्या. सोनेरी हा थाक यांच्या पक्षाचा रंग असल्यामुळे मी निवडणूक कार्यालयात प्रचाराच्या घोषणा दिल्या, अशी नोंद माझ्यावर झाली आहे. खुलासा : त्या ओळी पक्षापेक्षा जुन्या आहेत. ऊन तेव्हाही याच रंगाचे होते.

दुसरी नोंद अशी आहे की 'अर्जदार मुद्देमालाशी बोलते'. ती मला मान्य आहे.

७. तरी रांजण परत देणे शक्य नसल्यास खालीलप्रमाणे निगा राखावी. चिकटपट्टी काढावी. सकाळी नऊला पूर्वेच्या खिडकीशी झाकण उघडावे. सध्या पाइनचे पिवळे पराग उडतात, तोंडाला पातळ कापड बांधावे. ते मी श्री. प्यॉन यांच्याकडे ठेवले आहे. दुपारी चारला झाकण लावावे. आभाळ भरले तर आधीच. दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींना खोलीत येऊ देऊ नये. झाकण उघडणारा माणूस त्या दिवशी कोणाशी भांडलेला नसावा. मतदान जवळ आल्याने आपल्या कार्यालयात असा माणूस मिळणे अवघड आहे, हे मी पाहिले आहे. श्री. प्यॉन चालतील. त्यांना ऐकू कमी येते, त्यामुळे त्यांची भांडणे होत नाहीत.

८. आता शुक्रवारचे कारण. येत्या शुक्रवारी सासूबाईंची पुण्यतिथी आहे. त्यांना जाऊन एकतीस वर्षे झाली. त्या दिवशी त्यांच्यासाठी पान मांडतो, आणि त्यातल्या मुळ्याच्या रश्शात याच रांजणातला रस लागतो. दुसरा घातला तर त्या ओळखतील. जिवंतपणी त्या भिंतीपलीकडच्या वासावरून सांगत की मी मीठ विसरले आहे. उभ्या आयुष्यात त्यांनी माझ्या हातच्या एकाच गोष्टीला नाव ठेवले नाही, आणि ती या रांजणातून येत असे. बाटलीतला रस घालून त्यांच्यासमोर वाटी ठेवण्याची माझी हिंमत नाही.

९. हा परिच्छेद कोणत्याही पक्षाला दाखवू नये, ही कळकळीची विनंती. आपल्या माणसांनी मला विचारले होते, रांजण कोणाचा? मी सांगितले, आमचा. ते खरे आहे. पण त्यांनी एवढेच विचारले, म्हणून मी एवढेच सांगितले.

सत्तावन्न वर्षांपूर्वी मी नवी सून होते. गिरणीमागच्या खोलीत एक सुईवाली राहायला आली, पाठीवर बांधलेले मूल घेऊन. तिच्याकडे रांजण नव्हता. मीठपाण्यात भाजी शिजवून ती मुलाला घाली. एकदा ती वाडगा घेऊन आमच्या मागच्या भिंतीशी आली आणि काही न बोलता उभी राहिली. बीज घराबाहेर देत नाहीत. दिले तर घराची चव जाते, असे सासूबाई सांगत. मी त्यांची नजर चुकवून तो वाडगा भरला. मग दर अमावास्येला ती येई आणि मी भिंतीवरून वाडगा देई. मूल चालायला लागले तसे तेही बरोबर येऊ लागले. थंडीत ते रांजणाच्या उन्हाकडच्या अंगाला गाल लावून उभे राही. माती तापलेली असे. मागच्या रांगेतला तिसरा रांजण.

पुढे माझ्या बाळंतपणात मी दोन महिने अंथरुणाला होते. उठले तेव्हा पहिली चिंता, त्या माय-लेकांचे काय झाले असेल. मी सुईवालीला गाठून क्षमा मागितली, तर ती म्हणाली, "अगं, वाडगा तर दोन्ही अमावास्यांना भरून मिळाला." तेव्हा आमच्या घरात उठून भिंतीपर्यंत जाणारे सासूबाईंशिवाय कोणी नव्हते.

याबद्दल सासूबाई आणि मी पुढे पंचवीस वर्षे एक शब्द बोललो नाही.

तेव्हा श्री. थाक खोटे बोलले, हे खरे आहे. रांजण त्यांच्या आईचा नव्हता. आणि त्या रसावर ते वाढले, हेही खरे आहे. त्यांचे रडणे कोणी कागदावर लिहून दिले असेल, पण रांजण त्यांनी स्वतः ओळखला. हे मी बाहेर बोलले तर एक पक्ष त्याचे फलक लावील आणि दुसरा सुईवालीची खोली खणून काढील. ती बिचारी उभ्या जन्मात कोणाच्या दारात मोठ्याने बोलली नाही. मत कोणाला द्यायचे हे मी पोंगनिमलाही सांगितलेले नाही, आपणांसही सांगणार नाही. जो निवडून येईल तो पाच वर्षे राहील. रांजणाला एकशे दहा झाली.

१०. रांजण शुक्रवारपूर्वी सोडता येणार नाही, असे लिपिक बाईंनी आज स्पष्ट केले. वरून आदेश हवा, आणि वरची माणसे निवडणुकीत आहेत. मला ते समजते. नियम मोडण्याची विनंती मी करीत नाही.

एवढेच निदर्शनास आणते की आपल्या कोठाराची मागची खिडकी एका बुटक्या भिंतीवर उघडते. परवा गुरुवारी सकाळी दहा वाजता मी त्या भिंतीपलीकडे उभी असेन. मी काही बोलणार नाही. आपणही बोलू नये. वाडगा या अर्जासोबत जोडला आहे.

आपली नम्र,
पांग ओकबुन
(सही व अंगठा दोन्ही; पावतीवर अंगठा घेतला होता म्हणून)

सोलमे, मंगळवार, दि. २० मे

सोबत :
(१) पावतीची प्रत.
(२) पातळ कापड, एक, श्री. प्यॉन यांच्या ताब्यात.
(३) वाडगा, एक, कड उडालेला. सदर वाडगा सुईवालीने गाव सोडताना भिंतीवर ठेवला होता. तो परत मिळावा. रिकामा परत देऊ नये.